हौदातली हाक

राजनंदिनी त्या दिवशी पूर्णा स्टेशनवर गेली होती ती पाहुणीला आणायला. काम साधंच होतं. हैदराबादहून येणाऱ्या गाडीतून एक फ्रेंच बाई उतरणार होती. तिला आपल्या गाडीत घालायचं, बोरीला आई-बापूंकडे न्यायचं, चार घास खाऊ घालायचे आणि परवा पुन्हा आणून सोडायचं. पूर्णेच्याच कॉलेजात राजनंदिनी केमिस्ट्री शिकवायची, त्यामुळे हे स्टेशन तिच्या रोजच्या येण्याजाण्यातलं. तरी त्या दिवशी ती तासभर आधीच फलाटावर येऊन उभी होती.

बाई उतरली. चाळिशीची, उंच, उन्हानं रापलेली, शेतकऱ्यासारख्या खरबरीत हातांची. तिचं नाव एलीज. पाठीवर सॅक, आणि पोटाशी शालीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी धरलेलं. हमालानं ते घ्यायला हात पुढं केला तशी ती मागं सरली.

"हे मी सांभाळते," ती इंग्रजीत म्हणाली. "ही त्याची आहे."

तो म्हणजे महारुद्र, राजनंदिनीचा धाकटा भाऊ. परभणीला शेतीचं शिक्षण घेतलं आणि एक वर्षाच्या शिकाऊ कामावर म्हणून फ्रान्सला गेला. एलीजच्या पणजोबांनी लावलेला द्राक्षमळा होता, घरचीच माणसं तिथं राबायची आणि घरच्याच तळघरात तांबडी वाइन करायची. रुद्रा एका वर्षासाठी गेला आणि तिथलाच होऊन राहिला. फोनवर सांगायचा, "ताई, अगदी बोरीसारखंच हाय गं इथं. घरात कुणी आजारी पडलं तरी आदी येलीकडं बघतेत." माळकरी घरातला पोरगा दारू करतो म्हणून बापूंनी सुरुवातीला अबोला धरला होता. पण पोरानं एकदा फोनवरून कॅमेरा फिरवून मळा दाखवला, वेलींच्या रांगा दाखवल्या, आणि बापू हळूच म्हणाले, "वखरणी बाकी झ्याक केलीस बरं का."

तीन वर्षांमागं द्राक्षांचा हंगाम संपता संपता रुद्रा तिथल्या तळघरात गुदमरून गेला. कोंडलेल्या हवेनं, असं कागदावर आलं. तो घरी आला तो मोहोरबंद पेटीत, आणि पेटी उघडू नका असं बजावून. आईला त्याचं तोंड बघता आलं नाही. अग्नी दिला, राख झाली, दहावं-तेरावं झालं. पण आईच्या, पार्वतीबाईंच्या तोंडून 'गेला' हा शब्द काही निघाला नाही. कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "तिकडं हाय." बस्स.

परभणी मागं पडली, जिंतूरची वाट लागली. दोन्ही अंगांनी ज्वारी पोटऱ्यात आली होती, मधूनच हरभऱ्याचा आंबूस वास खिडकीतून येत होता. एलीज बराच वेळ बाहेर बघत राहिली आणि मग बोलू लागली.

"आमच्या घरात एक रीत आहे. द्राक्षं आंबवायचा हौद ज्याच्या हातानं भरला आणि रिकामा केला, त्याच्या घरी त्या हौदातली पहिली बाटली जाते. वाइन पिण्याजोगी व्हायला काही वर्षं लागतात. ही आता झाली. आम्ही ती विकली नाही. विकता आली नाही, आणि ओतूनही टाकता आली नाही."

"त्याच हौदातली?"

"त्याच. सकाळी त्यानं वाइन काढून पिंपांत भरली. खाली सालांचा, बियांचा चोथा उरतो. तो माणसानं आत उतरून उपसायचा असतो. पण फसफसून झालेल्या चोथ्याची हवा जड असते, तळाला साचते. म्हणून आधी मेणबत्ती सोडून बघायची. विझली तर उतरायचं नाही. तुझा भाऊ एकदाही मेणबत्तीवाचून उतरला नाही. बाकीचे त्याला हसायचे, इतका तो काळजी घ्यायचा."

"मग त्या दिवशी?"

एलीजनं मांडीवरची शाल घट्ट धरली. "त्या दिवशीही सोडली. मी दारात होते, जेवायला बोलवायला गेले होते. मेणबत्ती विझलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्यानंही पाहिली. ती वर ओढून त्यानं बाजूला ठेवली. आणि मग… त्यानं मान वळवली. कुणीतरी खालून हाक मारल्यासारखी. तो घाबरला नव्हता. त्याचा चेहरा खुलला. काहीतरी बोलला आणि शिडीवरून भराभरा खाली गेला. मला वाटलं, आत कुणी अडकलंय. पण आत कुणीच नव्हतं. आमची सगळी माणसं अंगणात जेवायला बसली होती."

राजनंदिनीनं गाडीचा वेग कमी केला.

"तो काय बोलला ते मी विसरले नाही," एलीज म्हणाली. "अर्थ कळत नव्हता म्हणून रोज मनात म्हणत राहिले. मला तो तुला विचारायचाय."

आणि परक्या जिभेवरून, वाकडेतिकडे पण एकूण एक शब्द कळतील असे, ते आले. "आलो… गं… आई."

गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन राजनंदिनी थांबली. तिनं इंजिन बंद केलं. रुद्रा गेला त्या दुपारची तिला आठवण झाली होती.

तीही सुट्टी काढून बोरीच्या शेतात आली होती. सोयाबीनची कापणी चाललेली. दुपार कलली होती, बाया ओळीत वाकलेल्या. आणि एकाएकी आई ताठ उभी राहिली, हातातला विळा तसाच, आणि आखाड्याकडं, शेतातल्या दगडी खोलीकडं, तोंड करून मोठ्यानं ओरडली, "रुद्राऽऽ, ये रे!" शेजारच्या ओळीतली चतुराबाई खो खो हसली होती. "पार्वताक्का, फ्रान्साला ऐकू जाईल का?" आईही ओशाळून हसली, म्हणाली, "तोंडातून निघालं माय, काहून ते ठाव न्हाई." रात्री फोन आला.

इथं दुपार कलते तेव्हा तिथं जेवणाची वेळ असते. राजनंदिनीला गणित करावं लागलं नाही.

"आईसमोर हे शब्द उच्चारू नकोस," ती एलीजला म्हणाली. "मी पाया पडते तुझ्या."

एलीजनं मान हलवली. अर्थ तिनं पुन्हा विचारला नाही. बहुधा तो तिला समोरच्या चेहऱ्यावरच दिसला असावा.

बोरीच्या घरी पार्वतीबाईंनी पाहुणीच्या पायावर पाणी घातलं, तिला जवळ घेतलं आणि तिचे खरबरीत हात उलटेपालटे करून पाहिले. "कामाची हाय पोरगी," त्या म्हणाल्या. भाकरी, वरण, वांग्याची भाजी, तेलात कालवलेली जवसाची चटणी. एलीज मांडी घालून नीट बसली, भाकरीचा तुकडा कसा मोडायचा ते तिला ठाऊक होतं. रुद्रानं तिकडं मक्याच्या पिठाच्या थापून दाखवल्या होत्या म्हणे. हे ऐकून पार्वतीबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

बाटली शालीतून निघाली तेव्हा मात्र बापूंचा, माणिकरावांचा चेहरा उतरला. काळपट हिरवी काच, वर चिठ्ठी नाही, नाव नाही. आतलं काळंच दिसत होतं.

"नंदे, देवघर हाय घरात," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आन् दारू…"

"दारू न्हवं ती," पार्वतीबाई म्हणाल्या. "लेकराची मेहनत हाय. त्याच्या हातानं भरलेली. तुमी त्यानं पिकवलेली ज्वारी आली असती तर देवापुढं ठिवली असती का न्हाई?"

बापू अडकित्ता नुसताच उघडमीट करत राहिले आणि मग म्हणाले, "घरात नको. आखाड्यावर न्या. तितं उघडू."

मग त्यांनी एलीजला, राजनंदिनीच्या तोंडून, पोर गेलं कसं ते विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच. राजनंदिनीनं सगळं सांगितलं. हौद, चोथा, मेणबत्ती. फक्त ती हाक आणि ते शब्द गाळले.

"पेवातली हवा," माणिकराव म्हणाले. पाहुणीला कळावं म्हणून त्यांनी हातानं जमिनीत खड्डा दाखवला. "आमच्या बापाच्या टायमाला ज्वारी पेवात ठिवायचे. जमिनीच्या पोटात, माणूसभर खोल, वर दगड. पेव उघडलं की दिवसभर तसंच ठिवायचं आन् मग कंदील सोडायचा. कंदील विझला की मानूस सोडायचा न्हाई. रुद्राला ल्हानपनी म्याच सांगितलं हे. त्याला मालूम व्हतं, नंदे. मालूम असून काहून उतरला?"

राजनंदिनीनं आईकडं बघायचं टाळलं. आई ताटातली उरलेली चटणी बोटानं एका जागी गोळा करत बसली होती.

दिवेलागणीला चौघं आखाड्यावर पोचले. गावापासून लांब, शेताच्या मधोमध दगडी भिंतींची एक खोली, वर पत्रे, एक दार आणि एक झरोका. जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा दोन पायऱ्या खाली. खतं, बियाणं ठेवायला बांधलेली. बाहेर वारा सुटला होता आणि दिवा टिकेना, शिवाय जिंतूरकडं जाणाऱ्या पायवाटेनं माणसं परतत होती; माणिकरावांच्या अंगणात दारूची बाटली ही गोष्ट सकाळी गावभर झाली असती. म्हणून आत बसले. दार सताड उघडं ठेवायला एलीजनं सांगितलं.

"का?" राजनंदिनीनं विचारलं.

"माझ्या वडलांची सवय. या वाइनीत आता कसलीच हवा उरलेली नाही, ती केव्हाच निघून गेली. पण ते दार उघडं ठेवायचे आणि जमिनीवर मेणबत्ती लावायचे." ती थोडी थांबली. "गेल्या वर्षी ते गेले. झोपेत."

पार्वतीबाईंनी पणती लावून मधोमध जमिनीवर ठेवली. पोत्यावर बापू बसले, पणतीजवळ आई, एलीज उकिडवी. राजनंदिनी भिंतीला टेकून उभी राहिली. एलीजनं बूच काढलं. मोठा आवाज झाला नाही. कुणीतरी ओठ विलगावेत, एवढाच.

वास हळूहळू आला. आधी जांभळाचा, मग ओल्या मातीचा, आणि त्याच्या खाली आणखी एक, गोडसर, बंद जागेतला. माणिकरावांनी मान वर केली. फुलपात्रात एलीजनं ओतलेली वाइन दिव्याच्या उजेडात काळीभोर दिसत होती. पार्वतीबाईंनी फुलपात्र दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि एक घोट घेतला. तोंड थोडं वाकडं झालं, मग सैल झालं.

"तुरट हाय," त्या म्हणाल्या. "जांभळावानी. रुद्राला जांभळं लय आवडायची." आणि आणखी एक घोट घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा शांत होता. इतक्या वर्षांत तो असा शांत राजनंदिनीनं पाहिला नव्हता. तिला वाटलं, बरं झालं आणली. हेच हवं होतं हिला. त्याचं काहीतरी, बंद पेटीवाचून.

बापूंनी प्यायली नाही. पण फुलपात्र नाकाशी नेलं आणि तसंच खाली ठेवलं.

"नंदे," ते म्हणाले, "पेवाचा वास यायलाय."

बाहेर वारा पडला होता. रातकिडे ओरडत होते ते कधी थांबले ते कळलं नव्हतं. पणतीची ज्योत लांबट झाली, बारीक झाली, वातीपासून अलगद सुटल्यासारखी वर उचलली गेली आणि विझली. धूर वर गेला नाही. जमिनीवरच पसरला.

"वारा आला आसंल," पार्वतीबाई पुटपुटल्या आणि वाकून काडी ओढली. काडी पेटली, पणतीपर्यंत गेली, विझली. दुसरी ओढली. तीही.

राजनंदिनीनं त्यांच्या हातातून काडेपेटी घेतली आणि उभ्यानंच काडी ओढली. छान पेटली. ती पेटती काडी तिनं हळूहळू खाली नेली. छाती, कंबर, मांडी. गुडघ्याशी आली आणि कुणी चिमटीत धरावी तशी विझली. तिनं पुन्हा केलं. पुन्हा गुडघ्याशीच. वर्गात पोरांना ती हेच सांगायची, हवेपेक्षा जड वायू तळाला साचतो, दिसत नाही, वास नाही. पण तो एका बाटलीतून येत नाही. उघड्या दाराच्या खोलीत असा पाण्यासारखा भरत नाही.

"उठा," ती म्हणाली. "बाहेर चला. सगळे. बापू, उठा…"

बापू उठेनात. त्यांची मान छातीवर आली होती. एलीजनं एक शब्दही न विचारता त्यांच्या काखेत हात घातला, राजनंदिनीनं दुसरीकडून धरलं, आणि पोत्यासारखे ओढत त्यांना दोन पायऱ्या वर काढलं. वळून तिनं आईला धरलं. आई अडखळत आली, पण आली. अंगणातल्या मोकळ्या हवेत बापूंना ठसका लागला, त्यांनी डोळे उघडले. आकाशात अजून थोडा उजेड होता. ज्वारी काळी दिसत होती. राजनंदिनीनं सगळ्यांकडं पाहिलं. बापू खाली बसलेले, एलीज त्यांच्याजवळ, आईचा हात आपल्या हातात. सगळे बाहेर होते.

तेव्हा आतून हाक आली.

"नंदे… ये की गं…"

आईचा आवाज. स्वयंपाकघरातून ताट वाढून मारलेली हाक जशी असते तशी, थोडी कंटाळलेली, थोडी लाडाची. "गं" वर तोच हेल. राजनंदिनीला भीती वाटली नाही. तेच नंतर तिला सगळ्यांत भयंकर वाटत राहिलं. तिला बरं वाटलं. पोटात भूक जागी झाली, पाय हलका झाला. "आले…" तिच्या तोंडून निघून गेलं आणि पाऊल पहिल्या पायरीवर पडलं सुद्धा.

मग हातातला हात जाणवला. घाम आलेला, सुरकुतलेला, तिच्या हातात. तिनं वळून पाहिलं. आई तिच्या शेजारीच होती. आईचं तोंड मिटलेलं होतं.

पण आईही खोलीकडंच बघत होती आणि तिचंही एक पाऊल पुढं पडलेलं होतं.

"रुद्रा हाय," पार्वतीबाई म्हणाल्या. "बोलवायलाय मला. ऐक की… 'आई, ये' म्हनायलाय…"

"आई, तो रुद्रा नाही."

"त्याचाच आवाज हाय. सोड मला. तोंड बघू दे. एकवार बघू दे गं त्याचं तोंड…"

साठीतल्या बाईच्या अंगात एवढी ताकद असेल असं राजनंदिनीला कधी वाटलं नव्हतं. तिनं आईच्या कमरेला मिठी मारली. आई तिला पायरीवर ओढत होती. मागं एलीज फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटत होती, एकच शब्द पुन्हा पुन्हा, लहान मुलीच्या आवाजात. आणि दोन्ही हातांनी तिनं जमिनीतलं गवत घट्ट धरून ठेवलं होतं. आतल्या काळोखात दुसरं काहीही हललं नाही. वास तेवढा दाट होत गेला.

आणि आई थांबली. एकदम. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवता ठेवता.

"काय म्हनतो?" तिनं आतल्या काळोखाला विचारलं. अगदी साध्या, रोजच्या आवाजात. "पुन्यांदा म्हन."

आतून काय आलं ते राजनंदिनीला कळलं नाही. तिला आपल्याच आईचा आवाज ऐकू आला, आपलंच नाव. पार्वतीबाई मात्र कान देऊन ऐकत राहिल्या. मग त्यांनी पाय मागं घेतला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "माजं लेकरू न्हवं हे. माज्या लेकरानं मला जल्मात कदी 'ये' म्हनलं न्हाई. मी हाक मारायची आन् त्यो 'आलो' म्हनायचा. मला कदी उठाय लावलं न्हाई त्यानं."

त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला, लेकीच्या हाताला धरलं आणि आखाड्याकडं पाठ केली. "चला. बापूला धर तिकडून."

बापूंना धरून ते शेताच्या बांधाकडं निघाले. मागून आणखी एकदा हाक आली. मग नाही.

बांधावर बापूंना दम लागला म्हणून बसले. तेव्हा पार्वतीबाईंनी अंधाराकडं बघत सांगितलं, "नंदे, त्या दिशी मी त्याला हाक मारली व्हती. सोयाबीन काडताना. तुला आठवतंय. रातीला फोन आला. तवापासून माज्या मनात हाय, मीच बोलावलं त्याला. मायची हाक ऐकून निघाला आन् पोचला न्हाई. म्हनून 'गेला' म्हनवंना मला. म्या बोलावलेला हाय, वाटंत हाय, आसं वाटायचं."

राजनंदिनी आईजवळ सरकली. इतकी वर्षं हे ओझं घेऊन ही बाई भाकरी थापत होती, माणसांशी बोलत होती. आणि आपण आज गाडीत ठरवलं होतं की हिला कळू द्यायचं नाही. आता लपवण्यात काय राहिलं होतं? तिनं सांगितलं. मेणबत्ती विझलेली पाहूनही तो हसला ते, मान वळवली ते, आणि तो काय म्हणाला ते. "आलो गं आई" म्हणताना तिचा आवाज फुटला.

पार्वतीबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"मग आता तूच बघितलंस," राजनंदिनी म्हणाली. "तू माझ्याजवळ उभी होतीस आणि तुझा आवाज आतून येत होता. तिथंही तसंच झालं असेल. ती हाक तुझी नव्हती, आई. तू नाही बोलावलंस त्याला."

"मग कुनाची व्हती?" पार्वतीबाईंनी विचारलं.

राजनंदिनीनं तो प्रश्न एलीजला इंग्रजीत सांगितला. एलीजनं एवढंच सांगितलं, की गवत धरून बसली होती तेव्हा तिला तिचे वडील बोलवत होते, ती लहान असताना वेलींच्या रांगांतून बोलवायचे तसे. आणि तिकडं तळघरात गेलं वर्षभर ती एकटी उतरत नाही. तिथंही तीच हाक येते, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर माणिकराव लांब काठीला कंदील बांधून आखाड्यावर गेले. कंदील जळत राहिला. बाटली उभी होती, फुलपात्र जागच्या जागी. त्यांनी वाइन बांधापलीकडं माळावर ओतली, बाटली फोडली आणि मातीत गाडली. ओतताना ते त्या मातीला म्हणाले म्हणे, "लेकरा, तुजं काम चांगलं व्हतं. त्याच्यात तुजा गुन्हा न्हाई."

एलीजला सोडायला राजनंदिनी पूर्णेला गेली तेव्हा पार्वतीबाईही गाडीत बसल्या. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून तिचा हात धरला आणि मराठीतच सांगितलं, "बाई, रुद्रा गेला. पन तू येत ऱ्हा." राजनंदिनीनं ते इंग्रजीत सांगायच्या आतच एलीजनं मान हलवली. पहिल्यांदाच आईच्या तोंडी तो शब्द आला होता. त्यानंतर आई नीट जेवू लागली, नीट झोपू लागली. रुद्राच्या आठवणी सांगताना हसू लागली. वरून पाहिलं तर सगळं बरंच झालं.

आखाड्यावरची ती खोली मात्र बापूंनी मोकळीच ठेवली. दार काढून टाकलं, झरोक्याची जाळी काढली, आरपार वारा जाऊ दिला. खत, बियाणं दुसरीकडं हलवलं. मधूनमधून राजनंदिनी सुट्टीला गेली की तिकडं एक चक्कर टाकते. दिवसा, ऊन असताना, आणि पायरी न उतरता. काही नसतं. वास नसतो. आवाज नसतो.

फक्त पाली. अशा खोलीत पाली असायच्याच. पहिल्या खेपेला तिच्या सहज लक्षात आलं, की चारही भिंतींवर त्या आहेत पण गुडघ्याच्या खाली एकही उतरत नाही. खाली मुंग्यांची एवढी रांग, तरी नाही. उन्हाळ्यात गेली तेव्हा त्या कमरेच्या वर होत्या. पोळ्याच्या सुट्टीत खांद्याच्या वर. बापूंना सांगितलं तर त्यांनी नुसतं ऐकून घेतलं आणि अडकित्ता हातात घेतला.

परवा ती गेली तेव्हा भिंती कोऱ्या होत्या. तिला वाटलं, निघून गेल्या असतील. मग तिनं मान वर केली. पत्र्याला टेकून, चारही बाजूंनी, त्या एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या होत्या. एकही हलत नव्हती. नुसते गळे तेवढे खालीवर, खालीवर होत होते.